न दिसणाऱ्या जागेचे काम



जे काम कोणाच्याही दृष्टीस पडणार नाही, ते चांगले करण्याचे बंधन माणसावर आहे का? असल्यास ते कोणाप्रती? मालकाप्रती, स्वतःप्रती, की आणखी कोणाप्रती? प्रश्न जुनाच आहे. परंतु असे प्रश्न नुसते शब्दांत राहिले की त्यांची उत्तरे फार सोपी वाटतात. "हो, बंधन आहे," असे आपण सारेच म्हणतो आणि आपापल्या कामाला लागतो. म्हणून आज हा प्रश्न हात काळे करणाऱ्या एका साध्या कामाच्या आधारे तपासून पाहू या. ते काम म्हणजे जुन्या मोटारगाडीच्या आतल्या, हात न पोहोचणाऱ्या जागांना गंजरोधक लेप देणे.

आपल्यापैकी अनेकांनी फियाट पाहिली आहे. काहींनी तिच्यातून वरातही काढली असेल. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली. १९७० च्या दशकात त्याच गाडीला 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. डॉक्टरांची गाडी, वकिलांची गाडी, कारखानदाराची गाडी आणि मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी, अशा अनेक रूपांत ती महाराष्ट्रभर फिरली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतील पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवस झाला. आता जी गाडी कोठे शिल्लक आहे, ती बहुधा कोणाच्या तरी आजोबांची आठवण म्हणून.

या गाडीची एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जुन्या जीपला खाली लोखंडी चासी असते आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असते. बॉडी सडली तरी चासी वजन पेलते. फियाटला अशी वेगळी चासी नाही. पत्रे वाकवून, एकमेकांना जोडून जो सांगाडा होतो, तोच सारा भार पेलतो. दाराखालची पट्टी, इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे दांडे, मागच्या सीटखालचा आडवा भाग हे सारे आतून पोकळ आहेत. गाडीची खरी ताकद या पोकळ भागांत आहे. आणि तेथेच रंगाचा ब्रश पोहोचत नाही.

गंज धरायला दोन गोष्टी लागतात, पाणी आणि हवा. दोन्ही त्या पोकळीत आपोआप जातात. मीठ असेल तर काम लवकर उरकते. आपला फुलंब्रीचा भाग कोरडा. त्यामुळे येथे लोखंड टिकते, असा आपला समज आहे आणि तो बऱ्याच अंशी खराही आहे. परंतु जी गाडी पंधरा-वीस वर्षे मुंबईला किंवा वसईला समुद्राच्या वाऱ्यात उभी होती, ती येथे येताना आपल्या सांध्यांमध्ये मीठ घेऊन येते. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत ते आपले काम पुन्हा सुरू करते. त्यात आपली काळी माती. ती मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यांत जाऊन बसली की बाहेरचा पत्रा वाळून कोरडा खडखडीत झाला तरी आत ओल धरून ठेवते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. त्यामुळे जोडलेले दोन पत्रे तो आतून फाकवत जातो. बाहेर रंगावर वाटाण्याएवढा फुगवटा दिसतो तेव्हा आत पत्र्याचे पापुद्रे झालेले असतात.

आता यावर उपाय कसा करतात ते पाहा. आधी गाडीखालचा सारा चिखल धुऊन काढायचा. दाराच्या आणि दाराखालच्या पट्टीच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी लहान छिद्रे असतात, ती मातीने बुजलेली असतात. ती तारेने मोकळी करायची. आत साठलेली माती पाण्याने धुऊन काढायची. मग वाळवायचे. हे वाळवणे सर्वांत महत्त्वाचे. कॉम्प्रेसरची हवा मारायची आणि चांगले कडक ऊन मिळाले तर दोन-चार दिवस गाडी तशीच ठेवायची. सुटलेला गंज खरवडून काढायचा. जेथे हात जात नाही तेथे नळीच्या टोकावरचा लहान कॅमेरा घालून आत काय आहे ते पाहायचे. पत्रा खाऊन गेला असेल तर तो कापून नवा जोडायचा. वेल्डिंग लेपाच्या आधी झाले पाहिजे, कारण नंतर केले तर लेप जळतो.

एवढे झाल्यावर मेण आणि तेल यांचे पातळ द्रावण लांब नळीने पोकळीत सोडायचे. नळीच्या टोकाला असे तोंड असते की फवारा चहूबाजूंनी उडतो. नळी पार शेवटच्या टोकापर्यंत आत घालायची आणि फवारत फवारत हळूहळू मागे ओढायची. घाई केली तर मध्ये जागा कोरडी राहते. द्रावण सांध्यांत झिरपते आणि काही तासांनी मऊ थर होऊन बसते. शेवटी तळाची छिद्रे पुन्हा मोकळी करायची, कारण लेपाने ती बुजली तर पाणी आतच तुंबेल. ब्रेकवर आणि सायलेन्सरवर थेंबही पडू द्यायचा नाही. तोंडाला मास्क बांधायचा. आणि वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा पाहायचे.

या साऱ्यात फवारणीला एखादा तास लागतो. बाकी दोन-चार दिवस धुण्यात, खरवडण्यात आणि वाळवण्यात जातात. आणि काम संपल्यावर गाडी कशी दिसते? पूर्वी होती तशीच. बाहेरून काहीही फरक दिसत नाही. वासाखेरीज मालकाला दाखवण्यासारखे काही नाही.

येथेच आपला प्रश्न उभा राहतो. समजा, गॅरेजमधला पोरगा उस्तादाला म्हणाला, "उस्ताद, आतलं कोण पाहायलंय? दाराजवळ दोन फवारे मारले की वास येतोच." उस्तादाने काय उत्तर द्यावे?

"देव पाहतो," असे उत्तर आपल्या ओठांवर लगेच येते. ते खरे आहे. परंतु एवढ्या उत्तरावर थांबलो तर नकळत एक घोटाळा होतो. कोणीतरी पाहत आहे म्हणून चांगले वागायचे, एवढाच त्याचा अर्थ उरतो. गॅरेजमध्ये कॅमेरा लावला तरी तेच साधेल. म्हणून आणखी एक पाऊल पुढे जाऊन विचारू या की आत लेप दिला नाही तर नुकसान कोणाचे होते?

आज होत नाही. या वर्षीही होत नाही. पाच-सात वर्षांनी होते. तोवर कदाचित गाडी दुसऱ्याने विकत घेतलेली असेल. त्याच्या मुलांना घेऊन तो जळगाव रोडने जात असेल. अचानक ब्रेक दाबावा लागला किंवा कोणी बाजूने धडक दिली, तर दाराखालच्या त्या पट्टीने मार झेलायचा असतो. ती आतून खाल्लेली असेल तर झेलणार नाही. त्या मुलांचे नाव उस्तादाला माहीत नाही आणि मुलांना उस्तादाचे नाव कधी कळणार नाही. तरीही या दोघांमध्ये एक नाते आहे. उस्तादाच्या हातातली नळी शेवटपर्यंत आत गेली की मध्येच थांबली, यावर ते नाते उभे आहे. ज्याला आपण कधी भेटणार नाही आणि जो आपल्याला जाब विचारू शकणार नाही, त्याचेही आपण काही देणे लागतो. न दिसणारे काम चांगले करण्याचे बंधन प्रामुख्याने त्याच्याप्रती आहे असे मला वाटते.

ही गोष्ट केवळ गॅरेजची नाही. मक्याचे किंवा आल्याचे पोते भरताना तोंडाशी निवडक माल आणि तळाशी दुय्यम माल घातला, तर बाजारात ते लगेच दिसत नाही. कॉलममधील सळई किती मिलिमीटरची आहे आणि तिच्याभोवती सिमेंटचे आवरण किती आहे, हे प्लास्टर झाल्यावर घरमालकाला कळत नाही. इंजेक्शनची सुई उकळून घेण्याच्या दिवसांत ती खरोखर किती वेळ उकळली, हे रुग्णाला कधी कळत नव्हते. प्रत्येक धंद्यात एक अशी पोकळी असते, जेथे गिऱ्हाइकाची नजर पोहोचत नाही आणि फक्त करणाऱ्याचा हात पोहोचतो.

परंतु सारा दोष उस्तादावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. त्याची बाजूही ऐकली पाहिजे. गिऱ्हाईक येते आणि रंग बघते. बॉनेटवर स्वतःचा चेहरा दिसला की खूश होते आणि पैसे काढते. गाडीखालची माती काढायला दोन दिवस लागले, असे सांगितले तर म्हणते, "भाऊ, नुसत्या धुण्याचे एवढे पैसे?" मग घासाघीस होते. ज्या उस्तादाने आतले काम नीट केले त्याचा दर जास्त, म्हणून त्याच्याकडे गिऱ्हाईक कमी. ज्याने दोन फवारे मारले त्याचा दर कमी, म्हणून त्याच्याकडे रांग. काही वर्षांनी पहिल्या उस्तादाने काय करावे अशी आपली अपेक्षा आहे? घरी त्यालाही चूल आहे.

म्हणजे न दिसणाऱ्या कामाचा मोबदला द्यायला नकार देणारा माणूसही त्या फसवणुकीत भागीदार असतो. तो तोंडाने "काम चोख कर" म्हणतो आणि खिशाने "चोख करू नकोस" असे शिकवतो. घरातही हेच चालते. जेवणाचे कौतुक होते, पण धान्य निवडणारीचे, हंडे-कळशा घासणारीचे होत नाही. रविवारी वेदीवरची फुले सर्वांना दिसतात, शनिवारी संध्याकाळी बाकांखालची धूळ काढणारे हात दिसत नाहीत. आपण ज्या कामाला किंमत देत नाही, ते काम हळूहळू होईनासे होते. तेव्हा मग आपण म्हणतो की पूर्वीसारखी माणसे राहिली नाहीत.

आता दुसरी बाजू. काही वेळा काम टाळले जात नाही, उलट भरपूर केले जाते, पण ते झाकण्यासाठी केले जाते. गंजलेल्या पत्र्यावर पुट्टी थापून, पॉलिश पेपर मारून वर रंग दिला की गाडी नवी दिसते. खालच्या बाजूला डांबरासारखा जाड काळा थर चढवला की गिऱ्हाइकाला वाटते, केवढी काळजी घेतली आहे! खरे तर ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर असा थर दिला तर तो पुढे कडक होऊन तडकतो, फटीतून पाणी आत जाते आणि बाहेर पडत नाही. उघडा पत्रा निदान उन्हात वाळला असता. झाकलेला पत्रा आत सडत राहतो आणि कोणाला दिसतही नाही.

याचे एक जगप्रसिद्ध उदाहरण आहे. न्यूयॉर्कच्या बंदरात १८८६ मध्ये उभा राहिलेला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा बाहेरून तांब्याचा आणि आतून लोखंडी सांगाड्याचा होता. तांबे आणि लोखंड एकमेकांना थेट लागले की ओलाव्यात लोखंड लवकर गंजते, हे बांधणाऱ्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी दोन्हींच्या मध्ये ॲसबेस्टॉसचा लाखेत भिजवलेला थर घातला. काळाच्या ओघात तो थर खराब झाला, पाणी धरून ठेवू लागला आणि ज्या लोखंडाच्या रक्षणासाठी तो होता त्याच लोखंडाला गंज चढवू लागला. शंभरीच्या सुमारास, १९८४ ते १९८६ या काळात, आतल्या लोखंडी पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या. तेथे कोणाचा हेतू वाईट नव्हता. परंतु एकदा थर दिला की काम झाले, असे मानता येत नाही, एवढे त्यातून कळते. आधी साफ करायचे, मग लेप द्यायचा आणि नंतरही पाहत राहायचे.

माणसांच्या बाबतीत हे किती खरे आहे! दोन भावांच्या मनात बांधावरून ओल राहिलेली असते. सण येतो, दोघांना एका पंगतीत बसवून आपण म्हणतो, "झालं गेलं विसरा." वरून रंग बसतो. परंतु आत मोजणी झालेली नाही, देणे-घेणे फिटलेले नाही, माफी मागितलेली नाही. पुढच्या पावसाळ्यात तोच फुगवटा पुन्हा वर येतो. क्षमा हा लेप खरा, पण तो धुतलेल्या आणि वाळलेल्या जागेवरच धरतो. जेथे अन्याय झाला आहे तेथे आधी खरवडण्याचे काम करावे लागते आणि ते दुखते.

तिसरा मुद्दा पाहण्याचा. विश्वास ठेवायचा म्हटल्यावर तपासायचे कशाला, असे काहींना वाटते. तपासले तर उस्तादाचा अपमान होईल असेही वाटते. आपल्या जिल्ह्याच्या गावानेच याचे उत्तर देऊन ठेवले आहे. १७ व्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहरासाठी जमिनीखालून नहर काढली. डोंगरांच्या बाजूने झिरपणारे पाणी बंद मार्गाने शहरात येई. पाणचक्कीलाही उत्तरेकडून असेच बंद नळातून पाणी आणले आहे. हे सारे काम जमिनीखाली, कोणाच्या नजरेस न पडणारे. तरीही बांधणाऱ्यांनी ठिकठिकाणी वरून उतरायला तोंडे ठेवली, म्हणजे कोणालाही खाली उतरून पाहता यावे, गाळ काढता यावा. आपले काम चोख आहे याची ज्यांना खात्री होती, त्यांनीच ते तपासण्याची सोय करून ठेवली. पुढे जेथे ही तोंडे बुजवली गेली, तेथे नहर निकामी होत गेली.

तेव्हा चांगला उस्ताद स्वतःच म्हणतो, "भाऊ, या, कॅमेऱ्यातून आत बघा." चांगला खजिनदार स्वतःच वही पुढे करतो. आणि ज्याच्यावर तपासण्याची जबाबदारी आहे, त्याने खरोखर आत पाहायला हवे. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल कोसळला आणि कामावरून घरी निघालेल्या माणसांचा बळी गेला. त्याआधीच्या तपासणीत तो पूल वापरण्यायोग्य ठरवला गेला होता. कागदावर सही होती, पण नजर आतपर्यंत पोहोचली नव्हती. न पाहता केलेली सही ही गंजावर दिलेल्या रंगासारखीच असते.

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न. कोणी विचारील, ज्या तालुक्यात दुष्काळी वर्षी टँकरची वाट पाहावी लागते, तेथे एका जुन्या गाडीच्या पोटात मेण घालण्यावर हजारो रुपये खर्च करणे योग्य आहे का? डोंगरावरील प्रवचनात प्रभूने गंजाचा उल्लेख केला तो काय सांगायला? पृथ्वीवर साठवलेले टिकत नाही, हेच सांगायला ना? मग गंजाशी एवढे झगडायचे कशाला?

प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळून जाऊ नये. लेप दिल्याने गाडी अमर होत नाही. गंज थोडा लांबणीवर पडतो, एवढेच. उस्तादालाही ते माहीत असते. म्हणून या कामात एक प्रकारची नम्रता आहे. परंतु सांभाळणे आणि साठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साठवणारा माणूस वस्तू स्वतःपुरती कोंडून ठेवतो. सांभाळणारा माणूस ती पुढच्याच्या हाती धड जावी म्हणून खपतो. सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले. त्यांना 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठे फेरफार नकोत, आणि ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला वापरायची नाही. म्हणजे जुनी वस्तू सर्वांची आठवण म्हणून राखायची, ही त्यामागची दृष्टी आहे.

तरीही मोजमाप हवे. ज्या घरात गाडीच्या पोकळीत ओल राहू नये म्हणून मालक रात्र जागवतो आणि त्याच घरी राबणाऱ्या गड्याच्या छपराचा पत्रा गळत असतो, तेथे काळजी चुकीच्या जागी गेली आहे. गड्याचा पत्राही लोखंडाचाच आहे. जो माणूस गाडीच्या न दिसणाऱ्या जागांकडे बघायला शिकला, त्याला माणसांच्या न दिसणाऱ्या जागाही दिसू लागल्या पाहिजेत. तसे झाले तर त्या गाडीवरचा खर्च वाया गेला असे कोणी म्हणणार नाही. आणि खर्च झेपत नसेल, सांगाडाच गेलेला असेल, तर रंग मारून कोणाच्या गळ्यात मारण्यापेक्षा ती सरळ भंगारात देणे हे अधिक प्रामाणिक. विकायचीच असेल तर कोठे कोठे सडली आहे ते घेणाऱ्याला बोट ठेवून दाखवावे. किंमत कमी येईल. येऊ द्यावी.

पावसाळ्यापूर्वी आपण सारे घराची कौले, पत्रे, गोठा पाहतो. त्याच वेळी प्रत्येकाने आपल्या धंद्यातली एक जागा शोधावी, जेथे गिऱ्हाइकाची, साहेबाची किंवा घरच्यांची नजर पोहोचत नाही. तेथे आपला हात कोठपर्यंत जातो ते पाहावे. आणि जो कोणी आपल्यासाठी असे न दिसणारे काम करतो, त्याला या महिन्यात घासाघीस न करता पूर्ण पैसे द्यावेत. निदान आत काय केले हे विचारावे आणि तो सांगेल ते नीट ऐकून घ्यावे.